हिरव्या रेषांची आवणी

‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी देवळाखेरीज दुसरीकडे कुठं मी पाहिली नव्हती. ती पाहिली कर्जतच्या आमच्या जुन्या शाळेत, विज्ञानाच्या खोलीशेजारच्या दारावर. मी आले होते दाखल्याची नक्कल न्यायला. कारकून जेवायला गेले होते, पौषातलं ऊन व्हरांड्यात उतरलं होतं, आणि मला मुळात एका जागी गप्प बसता येत नाही. दार किलकिलं होतं. मी चपला काढल्या आणि आत डोकावले.

आत देव नव्हता, संगणक होता. सरकारी योजनेतून शाळेला मिळालेला. अख्ख्या तालुक्यात तेव्हा असे दोन असतील-नसतील. काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका डावीकडून उजवीकडे पळत होता, कडेला गेला की पुन्हा डावीकडून निघत होता. त्याच्यासमोर एक तरुण पाठमोरा बसला होता.

“हा पळतो कसा?” मी विचारलं.

तो दचकला. वळून आधी माझ्या पायांकडे बघितलं, चपला काढल्यात की नाही ते. मग तोंडाकडे.

“पळत नाय,” तो म्हणाला. “एका जागी काढायचा, पुसायचा. जरा पुढं काढायचा, पुन्हा पुसायचा. आपल्याला वाटतं पळतोय.”

“म्हणजे फसवणूकच की.”

“फसवणूकच. पण डोळ्यांना चालते.”

तो हसला नाही. पण हसू दाबलंय हे मला कळलं, कारण त्याचा खालचा ओठ जरा आत गेला. पुढे हा ओठ मी फार बघितला.

“नाव काय तुमचं?”

“येसाजी.”

आता मी काय करणार... “एवढं भारदस्त नाव? मग घोडा कुठं बांधलाय?”

“येष्टीनं येतो. खालापूरवरनं. आजोबांचं नाव हाय ते.” तो शांतपणे म्हणाला. “आन तुमचं?”

“मैना.”

“पिंजरा कुठं ठेवलाय?”

“पिंजऱ्यात पोपट ठेवतात,” मी म्हणाले, आणि दाखला न घेताच घरी गेले. दहिवलीला पोचल्यावर आईनं विचारलं, तेव्हा आठवण झाली.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते, नाहीतर वाटेल की पोरगी पहिल्या ठिपक्यालाच भाळली. मी बी. ए. करत होते आणि आठवड्यातून दोनदा खोपोलीला जपानी शिकायला जात होते. तिथल्या एका कारखान्यात जपानी इंजिनिअर आले होते. कामगारांसाठी कंपनीनं भाषेचा वर्ग काढला. कामगार दोन-चार दिवस आले आणि पांगले. मग बाकं रिकामी राहू नयेत म्हणून आमच्यासारख्यांना आत घेतलं. शिकवणाऱ्या बाई नवऱ्याच्या व्यापारामुळे कोबेला बरीच वर्षं राहून आलेल्या. मी गेले ती केवळ हौस म्हणून. हौसेला मोल नसतं असं म्हणतात, तसं ते फुकटही होतं.

मग एका संध्याकाळी ओकुदा सान, म्हणजे ओकुदा साहेब, या इंजिनिअरांनी वर्गात टीव्ही आणून एक टेप दाखवली. त्यांच्या भावाचा ओसाकाला चित्रपट काढायचा छोटा कारखाना होता. हातानं चित्रं काढायची आणि ती हलवायची. टेपमध्ये एक लहान मुलगी भिजलेली छत्री वाळत घालते, बस, एवढंच. छत्रीच्या काडीवरून थेंब ओघळतो, टोकाशी थांबतो... आणि पडतो. तो थांबतो ना, तिथं मी बाकावरून पुढे सरकले. कुणीतरी हे काढलंय, थेंबाचं ते थांबणंसुद्धा कुणीतरी हातानं काढलंय, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

मी अडखळत अडखळत ओकुदा सानना विचारलं, हे मला शिकता येईल का. ते म्हणाले, भाऊ परदेशातला एखादा शिकाऊ दर वर्षी घेतो. तुझं स्वतःचं हलतं चित्र करून दाखव, अगदी छोटं चालेल. ते काय आहे ते जपानीत समजावून सांग. मला पटलं तर मी भावाशी बोलेन. गणपतीच्या सुमाराला ते कायमचे परत जाणार होते. तोवर माझी मुदत.

आई म्हणाली, “चित्रं हलवायला पोरगी इतक्या लांब कशाला? हितं काय कमी हलतंय?” बाबा काही बोलले नाहीत. बाबा बोलत नाहीत तेव्हा अर्धं हो असतं.

पण चित्र हलवायचं कशानं? कॅमेरा कुठून आणायचा? आणि अशात मला तो हिरवा ठिपका दिसला होता. दुसऱ्या दिवशी दाखल्याचं निमित्त तयारच होतं.

येसाजीला शाळेनं संगणक सांभाळायला ठेवलं होतं. मुलांना आठवड्यातून एक तास मिळायचा. बाकी वेळ तो एकटाच त्या यंत्राशी झटत असायचा, कुणी न शिकवता. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली: शाळा सुटल्यावर एक तास, दार उघडं ठेवून, आणि दारात धाऊकाका शिपाई स्टुलावर. धाऊकाका शाळेत बिडी ओढायचे नाहीत, नुसती कानावर ठेवायचे.

कामाची रीत अशी होती. मी ग्राफ पेपरवर आकृती काढायची, प्रत्येक रेषा कुठून कुठं जाते त्याचे आकडे वाचायचे, आणि येसाजीनं ते संगणकात भरायचे. एका आकृतीला ढीगभर आकडे. दोन दिवसांत माझा जीव कंटाळला.

“मी जपानीत वाचू?” मी म्हणाले. “तेवढाच माझा सराव.”

“आन मी?”

“तू शिक.” तुमचं तू कधी झालं ते आठवत नाही.

तो शिकला. इची, नी, सान, योन... आठवडाभरात त्याचे हात माझ्या आवाजावर चालायला लागले. मी म्हणायचे, “ह्याकु निज्यू, योनज्यू हाची,” की तिकडे एकशेवीस, अठ्ठेचाळीस उमटायचे. पडद्यावर एक हिरवी रेघ यायची. पाठीची. मग हाताची.

“मंत्र म्हणताय का रं?” धाऊकाकांनी दारातून विचारलं.

“व्हय काका. बाईत जीव भरतोय,” येसाजी म्हणाला. त्याचा ओठ आत गेला होता.

चित्र मी आवणीचं घेतलं होतं. वाकलेली बाई, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं चिखलात एकेक रोप खोचतेय. आमच्या दारासमोरचंच दृश्य. लहानपणापासून मी केलेलं काम. निदान यात तरी माझा हात चुकणार नाही, असं वाटलं.

येसाजी मात्र चुकायला लागला. आकडे मध्येच ऐकू यायचे नाहीत.

“पुन्हा सांग.”

“रोकुज्यू नाना.”

“परत एकदा.”

“बहिरा झालास?”

“तुझा सातचा नाना लई बारीक येतो,” तो पडद्याकडे बघत म्हणायचा. “जरा सावकाश सांग की.”

मी सावकाश सांगायचे. आणि खरं सांगते, मलाही घाई नव्हती. घरी गेल्यावर हातावर खडू लागलेला असावा तसे ते आकडे दिवसभर सोबत राहायचे. भाकरी थापताना मी मोजायचे, आणि मोजताना कुणाचा हात चालतोय असं वाटायचं ते तुम्हाला कळलंच असेल.

जूनमध्ये बाई पहिल्यांदा चालली. येसाजीनं कळ दाबली. वाकलेली आकृती हलली, हात खाली गेला, रोप उमटलं, आणि बाईनं पाऊल पुढे टाकलं.

मी पोट धरून हसले. “अरे, ती पुढं चालतेय!”

“मग?”

“मग काय? आवणी करणारी मागं मागं जाते. ही आपणच लावलेलं तुडवत निघालीय. तुला एवढं ठाऊक नाही?”

तो मान खाली घालून कळांवरची धूळ पुसत होता. “आमी बटणं दाबणारी माणसं,” तो म्हणाला. “चिखलातलं आमाला काय कळतंय?”

“आता?”

“आता... समदं उलटं करायला लागंल. आकडे पुन्हा पयल्यापासनं.”

मी कपाळाला हात लावला. पण गणपती अजून लांब होते, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणजे पुन्हा रोज पाच वाजता. मी फार वाईट वाटून घेतलं नाही. नवा कागद घेतला, बाई दुसऱ्या बाजूनं काढली आणि वाचायला बसले. इची, नी, सान. बाहेर पाऊस पडत राहिला, धाऊकाका पेंगत राहिले. एकदा वीज जाऊन त्या दिवसाचं सगळं काम पुसलं गेलं, तर आम्ही दोघंही पडद्याच्या काळ्या काचेत एकमेकांकडे बघत होतो. त्यानं कंदील लावायला नको तितका वेळ घेतला.

आषाढात तो चार दिवस रजेवर गेला. घरचं काम आहे, एवढंच म्हणाला. मी विचारलं नाही. आमच्याही घरी आवणी होती, माझीही पाठ मोडली होती.

आणि नेमक्या त्याच चार दिवसांत खोपोलीला गेले तर जपानीच्या बाई दारातच उभ्या.

“मैना, ओकुदा सानना घाईनं बोलावणं आलंय. परवा जाणार ते. कर्जतहून गाडी पकडणार आहेत. मी म्हटलं, आमच्या एका मुलीचं काम बघूनच जा. ते शाळेत थांबतील. झालंय ना तुझं?”

झालं नव्हतं. आकृत्या भरून झाल्या होत्या, पण चालवायच्या राहिल्या होत्या. मला ते येत नव्हतं आणि खोलीची किल्ली येसाजीकडे होती. मी कर्जतची गाडी सोडून दिली आणि खालापूरची बस धरली.

त्याचं घर शोधायला वेळ लागला नाही, पण घराला कुलूप होतं. शेजारणीनं शेताकडे बोट केलं. बांधावरून घसरत घसरत गेले. खाचरात एक बाई होती, मूठ सोडवत होती, इरल्याखालून तिनं माझ्याकडे बघितलं. ही त्याची आई, मोतीबाई.

“येसाजी हाय का?”

“त्यो बघ की,” ती म्हणाली. आणि मग आईच ती, राहवलं नाही तिला. “बारका होता तवापासनं माज्या जोडीला लावतो. माजी वळ वाकडी जाईल, त्याची नाय.”

मी बघितलं. येसाजी वाकला होता. गुडघ्यापर्यंत चिखल. डाव्या हातात मूठ, उजवा हात न बघता खाली-वर, खाली-वर. आणि तो मागे मागे येत होता, माझ्याच दिशेनं, पाठमोरा. त्याच्या पुढ्यात रोपांची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ उभी राहत होती. त्याला पावलं शोधावी लागत नव्हती. पायांना सगळं ठाऊक होतं.

मी तिथंच उभी राहिले. जूनमधलं सगळं एकदम लक्षात आलं.

“तुला चिखलातलं काही कळत नव्हतं ना?”

तो तसाच वाकून थांबला. मग सावकाश सरळ झाला.

“कळत हुतं.”

“मग बाई पुढं का चालवलीस?”

तो हातातल्या मुठीकडे बघत होता. “तू आकडे पुन्हा सांगावेस म्हणून.”

पावसाची बारीक भुरभुर चालू होती. मोतीबाईंनी मूठ सोडवायचं थांबवलं होतं.

“परवा जाणारेत ओकुदा सान,” मी म्हणाले. “गणपतीला नाही, परवा. माझं चित्र झालेलं नाही.”

त्याचा चेहरा उतरला तो मी विसरणार नाही. ‘उगाच केलं’ असं नाही म्हणाला, ‘थट्टा केली’ असंही नाही म्हणाला. हातातली मूठ आईकडे दिली, घराच्या पायरीशी दोन तांबे पायांवर ओतले आणि म्हणाला, “चल.”

बसमध्ये त्याच्या पायांवरचा राहिलेला चिखल वाळून पांढरा झाला होता. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला संताप आला होता, खराखुरा, डोळ्यांत पाणी आणणारा. माझ्या आयुष्यातली एकुलती एक संधी, आणि यानं ती खेळायला घेतली. चौक गावाच्या अलीकडे हे मनात घोळवत होते. चौक गेल्यावर दुसरंच आत आलं. कुणीतरी माझे आकडे ऐकायला खोटं बोललं होतं. त्याच्या भारदस्त नावाला लाज आणेल असं वाकडं काम, पण माझ्यासाठी केलेलं. मला राग येत होता आणि मला तो आवडत होता, दोन्ही एकाच वेळी, आणि कुणातून कोण वजा करावं ते कळत नव्हतं. संतापातच मला पक्कं कळलं की मी या माणसावर प्रेम करते. इतक्या वाईट वेळी कळायला नको होतं.

शाळेच्या नळावर त्यानं पुन्हा पाय धुतले. खोली उघडली, यंत्र चालू केलं, जूनमधल्याच जुन्या आकृत्या पुन्हा उघडल्या, आणि एका ओळीत एका आकड्याआधी वजाबाकीचं चिन्ह टाकलं. कळ दाबली. बाई मागे मागे चालायला लागली.

मी बघतच राहिले. “एवढंच?”

“एवढंच.”

“म्हणजे जूनमध्येच...”

“व्हय.”

एका चिन्हासाठी माझा निम्मा पावसाळा गेला होता. मी ग्राफ पेपर पुढे ओढला. भांडले असते तर काम झालं नसतं. तो दिवस आणि दुसरा दिवस आम्ही नुसतं काम केलं. रोपं एकामागून एक उमटायची, वाऱ्यानं थोडी डुलायची. मी ‘सावकाश’ म्हणायचे, तो सावकाश करायचा. एका शब्दाची थट्टा नाही. धाऊकाका दोनदा डोकावून गेले आणि म्हणाले, “आज मंत्र बंद?”

ओकुदा सान आले. पाटी वाचता येत नसूनही त्यांनी आपणहून बूट काढले, ते पाहून येसाजी जरा सैलावला. मी समजावून सांगायला लागले. मधलं एक वाक्य पार विसरले, बाईंनी डोळे मिटून घेतले. पण पडद्यावरची बाई आपली मागे मागे जात राहिली आणि तिच्या पुढ्यात काळोखात हिरवं शेत भरत गेलं.

“पुन्हा एकदा,” ओकुदा सान म्हणाले.

पुन्हा लावलं. या वेळी त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर रोप खोचत होती. त्यांची आईही अशीच लावायची, ते म्हणाले, पाय मात्र जरा जास्त फाकून. मग बरंच काही बोलले, सावकाश, मला कळेल असं. बाईंनी ते मराठीत केलं, बहुधा येसाजीसाठी: “एप्रिलमध्ये ये म्हणतायत. भावाला ते सांगतील. दोन वर्षं.”

येसाजी संगणकाची वायर गुंडाळत होता. “बरं झालं,” तो म्हणाला. खरंच म्हणाला, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

संध्याकाळी मी त्याला सोडायला स्टँडवर गेले. आईचं अर्धं खाचर तसंच पडलं होतं, त्याला जायलाच हवं होतं. बाकावर आम्ही मध्ये छत्री ठेवून बसलो.

“मैना... चुकलं माझं.”

“हो.”

“तू गेलीस की त्या खोलीत कोण आकडे सांगणार, एवढंच डोक्यात बसलं. तुझं नुकसान व्हईल, हे सुचलंच नाय.” थोडं थांबून म्हणाला, “सुचलं असतं तरी केलं नसतं का, ते बी सांगता येत नाय.”

मला त्याचा तेवढा खरेपणा पुरला.

“येसाजी, मला तू आवडतोस,” मी म्हणाले. “फार. आणि मी जाणार आहे. या दोन्ही गोष्टी आहेत. पण पुन्हा माझ्या वाटेत लपून आडवा येऊ नकोस. मी थांबावं असं वाटलं, तर तोंडानं माग.”

“मागितलं असतं तर थांबली असतीस?”

“ते तू मागितल्यावर कळलं असतं.”

त्यानं छत्रीची मूठ एकदा फिरवली. “दोन वर्षं म्हंजे दोन आवण्या,” तो म्हणाला. “थांबतो मी. आईला आजच सांगतो. तू तुझ्या बाबांना सांग.”

“सांगते.”

“काय म्हणतील?”

“काही बोलले नाहीत तर बरं.”

खालापूरची बस आली आणि घरघरत फलाटाला लागली. माणसं चढली. येसाजी उठला, दारापर्यंत गेला, एक पाय पायरीवर ठेवला. कंडक्टर म्हणाला, “येतोस का रं?”

तो वळला. कान लाल झाले होते.

“मैना,” तो म्हणाला, सगळ्या बसला ऐकू जाईल असं. “ही गाडी सोडू?”

“सोड,” मी म्हणाले.

त्यानं पाय खाली घेतला. कंडक्टरनं घंटी मारली. पुढची बस दीड तासानं होती.